विस्बोर्गच्या शोधात : 'नोस्फेराटू'च्या चित्रीकरणस्थळांवर सात दिवस

विस्बोर्ग नावाचे शहर कोणत्याही नकाशात सापडत नाही. १९२२ साली प्रदर्शित झालेल्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातले ते काल्पनिक बंदर आहे. काउंट ओर्लोक हा रक्तपिपासू पिशाच्च आपल्या शवपेट्या घेऊन जहाजाने तेथे उतरतो आणि त्याच्या पाठोपाठ उंदीर व प्लेग गावात शिरतात. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवर बेतलेला, परंतु तिचे हक्क न घेता काढलेला हा चित्रपट प्राना-फिल्म या नवख्या कंपनीचा होता. जर्मन चित्रपटसृष्टी स्टुडिओत रंगवलेल्या वाकड्यातिकड्या भिंतींत रमलेली असताना दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी १९२१ साली कॅमेरा उचलून खऱ्या गावांत आणि खऱ्या डोंगरांत नेला. त्यामुळेच शंभर वर्षांनंतरही या चित्रपटाच्या जागा शोधता येतात, पायी चालून पाहता येतात, आणि हातातल्या छायाचित्राशी ताडून घेता येतात.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो वडिलांनी जपून ठेवलेल्या एका जुन्या कॅसेटवर. ती प्रत पूर्ण कृष्णधवल होती, आणि सूर्यप्रकाशाने मरणारा हा पिशाच्च लख्ख उन्हात शवपेटी काखेत घेऊन गावातून कसा हिंडतो, या प्रश्नाने मला त्या वयात भीतीपेक्षाही जास्त छळले होते. पुढे दुरुस्त केलेली प्रत पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून फिल्मला निळा रंग देत असत. आमच्या कॅसेटवर तो रंगच उतरलेला नव्हता. या प्रवासाला धाकटी बहीण बरोबर होती. निघण्यापूर्वी आम्ही चित्रपटातली चाळीस दृश्ये कागदावर छापून घेतली, त्यांना क्रमांक दिले, आणि १९२१ च्या चित्रीकरणाचा काळ जुलै ते ऑक्टोबर असा असल्यामुळे सूर्याची उंची निदान थोडीफार जुळावी म्हणून सप्टेंबर महिना निवडला.

पहिला दिवस : ल्युबेक

उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकच्या स्थानकातून जुन्या गावाकडे चालत निघाले की होल्स्टेनटोर ही दोन बुरुजांची, पंधराव्या शतकातली वेस समोर येते. प्रवासी तिच्यासमोर थांबतात. आम्ही तिच्या शेजारी, ट्रावे नदीच्या काठाला चिकटून उभ्या असलेल्या सहा विटांच्या इमारतींकडे वळलो. ही जुनी मिठाची कोठारे आहेत. १५७९ ते १७४५ या काळात ती एकामागून एक बांधली गेली, आणि ल्युनेबुर्गहून आलेले मीठ येथे साठवून पुढे बाल्टिक समुद्रापलीकडे पाठवले जात असे. हेरिंग मासे खारवण्यासाठी त्या मिठाला फार मोठी मागणी होती. मुर्नाऊ आले तेव्हा कोठारे ओस पडलेली होती, आणि त्यांनी तीच ओर्लोकचे विस्बोर्गमधले घर म्हणून निवडली.

चित्रपटात ओर्लोक पाण्यावरून, होडीत ताठ उभा राहून, या घराकडे येतो. त्यामुळे इमारतींची नदीकडची बाजू पाहणे आवश्यक होते. आम्ही पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो आणि छापील दृश्य समोर धरले. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत जाणारे त्रिकोणी माथे, त्यांच्या खाली ओळीने बसवलेल्या बुटक्या खिडक्या, हे सारे लगेच ओळखू आले. परंतु नेमकी कोणती इमारत, यावर आमचे एकमत होईना. बहिणीने खिडक्या मोजायला सुरुवात केली. "दादा, तू माथ्याकडे बघतोयस, तिथेच चुकतोयस. खालून वर मोज," असे ती म्हणाली, आणि तिच्या पद्धतीने मोजल्यावर दहा मिनिटांत दृश्य जागेवर बसले. आज तेथे दुकान आहे आणि खिडक्यांना स्वच्छ काचा आहेत. चित्रपटात याच खिडक्या काळ्याकुट्ट भोकांसारख्या दिसतात आणि त्यांतल्या एकीमागे ओर्लोक गज धरून उभा असतो. तो समोरच्या घरातल्या एलेनकडे, म्हणजे कथेचा नायक हुटर याच्या पत्नीकडे, टक लावून पाहतो. एलेनची खोली मात्र बर्लिनच्या स्टुडिओत उभारलेली होती. त्या दोघांच्या नजरा ज्या गल्लीवरून एकमेकांना भिडतात ती गल्ली केवळ संकलनाच्या मेजावर तयार झाली, हे तेथे काठावर उभे राहिल्यावर जितके ठळकपणे जाणवते तितके पुस्तकात वाचून जाणवत नाही. कारण कोठारांसमोर घर नाहीच, नदीचे पाणी आहे.

दुसरा दिवस : ल्युबेक

सकाळी डेपेनाऊ या रस्त्यावर गेलो. नदीकडे उतरत जाणारा हा छोटा रस्ता म्हणजे चित्रपटातल्या सर्वांत शांत आणि माझ्या मते सर्वांत भयंकर दृश्याची जागा आहे. प्लेगने मेलेल्यांच्या शवपेट्या खांद्यावर घेऊन काळ्या कपड्यांतले लोक एकामागून एक संथपणे चालत येतात, कॅमेरा उंचावरून पाहत राहतो, आणि त्यांची रांग काही संपत नाही. या दृश्यात पिशाच्च नाही, रक्त नाही, कोणी किंचाळत नाही. १९२१ मध्ये ज्यांनी हे दृश्य उभे केले त्या माणसांच्या पाठीशी पहिले महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ होती. शवपेट्यांच्या रांगा त्यांना कल्पनेने रचाव्या लागल्या नसतील, असे त्या उतारावर उभे राहिल्यावर वाटत राहिले. आम्ही तेथे बराच वेळ थांबलो. एक वृद्ध गृहस्थ सायकल हातात धरून चढ चढत होते. त्यांनी आमच्या हातातला कागद पाहिला, मान हलवली आणि बोटाने वरच्या मजल्यांकडे खूण केली. कॅमेरा तेथूनच कोठून तरी लागला असावा, असे आमचेही मत झाले होते.

तेथून एगिडियन चर्चच्या परिसरात गेलो. हाही भाग चित्रपटात वापरला गेला आहे. हुटरचा मालक, वेडा झालेला क्नॉक, याच्या मागे गावकरी धावतात त्या पाठलागातही ल्युबेकचे अनेक कोपरे दिसतात, मात्र ते इतक्या वेगाने सरकतात की आमच्याकडच्या सात दृश्यांपैकी केवळ दोनच खात्रीने जुळली. फ्यूख्टिंग्जहोफ हे अंगण मात्र निःसंशय सापडले. योहान फ्यूख्टिंग या व्यापाऱ्याच्या देणगीतून व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या विधवांसाठी १६३९ साली ते बांधण्यात आले. हाच क्नॉक हुटरला ओर्लोककडे धाडतो; त्याच्या प्रसंगांसाठी मुर्नाऊंनी हे अंगण घेतले. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा दार बंद होते. आत आजही लोक राहतात आणि दुपारच्या विश्रांतीची वेळ पाळली जाते. दोन तासांनी परत आलो तेव्हा दार उघडले होते. कोरीव प्रवेशद्वारातून आत गेल्यावर रस्त्याचा आवाज एकदम तुटतो. कुंड्या, बाक, स्वच्छ पुसलेल्या पायऱ्या, आणि एका खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. आम्ही आवाज न करता एकच छायाचित्र घेतले आणि निघालो, कारण दुसऱ्याच्या दारात उभे राहून भिंती न्याहाळणे आम्हा दोघांनाही अवघड वाटले.

संध्याकाळी सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. या चर्चचा आमच्या यादीशी संबंध नव्हता, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. २८ मार्च १९४२ च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात ल्युबेकच्या जुन्या गावाचा सुमारे पाचवा हिस्सा नष्ट झाला. या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा जळत्या लाकडांसह खाली कोसळल्या आणि ज्या फरशीवर पडून फुटल्या तेथेच त्या आजही तशाच ठेवलेल्या आहेत. धातूची जाड कड मधून फाटून जमिनीत रुतलेली आहे. ते पाहिल्यावर आमच्या हातातल्या कागदांचा अर्थ थोडा बदलला. 'नोस्फेराटू'मधले ल्युबेक हे त्या रात्रीपूर्वीचे ल्युबेक आहे.

तिसरा दिवस : विस्मार

ल्युबेकहून विस्मार सुमारे ६० किलोमीटर आहे. बाद क्लायनेन येथे गाडी बदलावी लागते. ल्युबेक सोडल्यावर थोड्याच वेळात हेर्नबुर्ग नावाचे छोटे स्थानक येते. पूर्वी पूर्व जर्मनी तेथे सुरू होत असे. चित्रपटात ओर्लोकचे जहाज ज्या बंदराला लागते ते विस्मार, आणि तो ज्या घरात राहायला जातो ते ल्युबेक. मुर्नाऊंनी दोन शेजारगावे शिवून एक शहर केले, आणि पुढे १९९० मध्ये जर्मनी एक होईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे त्या शिवणीवरूनच दोन देशांची सरहद्द गेली. विस्बोर्गचा रहिवासी त्या काळात आपल्याच गावच्या बंदरावर सहज जाऊ शकला नसता. गाडीच्या खिडकीतून आता नुसती शेते आणि झाडी दिसते.

विस्मारच्या बाजारचौकात आल्यावर आमच्या यादीतले पहिले दृश्य समोर होते. चित्रपट सुरू होतो तो उंचावरून दिसणाऱ्या याच चौकाने. जवळजवळ शंभर मीटर लांब आणि तितकाच रुंद असा हा मोकळा चौक आहे, आणि त्यात एका बाजूला 'वासरकुन्स्ट' ही बारा कोनांची, तांब्याच्या घुमटाची पाण्याची छत्री आहे. डच शैलीतली ही वास्तू १६०२ साली पूर्ण झाली आणि १८९७ पर्यंत गावाला पाणी पुरवत होती. चौकातून पाहिले तर ती डौलदार दिसते; परंतु चित्रपटातले दृश्य विस्मारमधल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून घेतलेले आहे आणि वरून ती एखाद्या खेळण्याएवढी होते.

सुमारे ८० मीटर उंचीच्या त्या मनोऱ्यावर वाटाड्याबरोबर चढलो. अरुंद जिना, जुन्या लाकडाचा आणि धुळीचा वास, मध्येच घड्याळाची यंत्रणा, आणि मग एकाएकी झरोक्यातून येणारा वारा. कागद धरून पाहिले तेव्हा छपरांची ओळ जुळली, वासरकुन्स्टची जागा जुळली, चौकाच्या पलीकडच्या घरांचे माथेही बरेचसे जुळले. फरक पायाशी होता. हा मनोरा एकटा आहे. त्याला चर्चच नाही. एप्रिल १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात चर्चची मोठी हानी झाली, आणि १९६० मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीत उरलेला सभामंडप सुरुंगाने उडवण्यात आला. आता तेथे जमिनीवर कमी उंचीच्या विटांच्या भिंती बांधून मूळ आराखडा दाखवला आहे. खांब जेथे होते तेथे विटांचे ओटे आहेत आणि त्यांवर माणसे बसून उन्हात शेकत होती. मुर्नाऊंचे छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर आपला कॅमेरा घेऊन वर चढले असतील ते या संपूर्ण चर्चमधून, या विचाराने मी त्या ओट्यांमधून मनोऱ्याच्या दारापर्यंत पुन्हा एकदा मुद्दाम चालत गेलो.

वाग्नर यांच्याकडे एकच कॅमेरा होता, त्यामुळे चित्रपटाची मूळ निगेटिव्हही एकच झाली. मुर्नाऊ प्रत्येक दृश्याची रेखाटने आधी करून ठेवत आणि नटांच्या हालचालींची लय मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांवर बांधत, अशी नोंद आहे. हे सारे डोक्यात ठेवून आम्ही दुपारी बंदराकडच्या 'वासरटोर' या वेशीत गेलो. विस्मारच्या पाच वेशींपैकी उरलेली ही एकच, पंधराव्या शतकाच्या मध्याची, विटांची. 'एम्पुसा' हे जहाज बंदराला लागते, त्यावर जिवंत माणूस कोणी नसतो, आणि ओर्लोक आपली शवपेटी उचलून याच कमानीतून गावात शिरतो.

माझ्या लहानपणच्या प्रश्नाची जागा ती हीच. आम्ही सप्टेंबरच्या स्वच्छ उन्हात तेथे उभे होतो आणि कमानीची सावली दगडांवर सुरीने कापल्यासारखी पडलेली होती. बहिणीने कागदी शवपेटी म्हणून आमच्या छायाचित्रांचे लांबट खोके काखेत घेतले आणि ती कमानीतून चालत आली, म्हणजे माणसाची उंची आणि कमानीची उंची यांचे प्रमाण मला मोजता यावे. ओर्लोकची भूमिका करणारे नट मॅक्स श्रेक यांची उंच, खांदे आवळलेली आकृती या कमानीत इतकी मोठी का वाटते, हे तेव्हा कळले. कॅमेरा खाली आहे आणि कमान मुळातच बुटकी आहे. त्यांनी उभारलेल्या भयाला विटांच्या या साध्या वेशीने आपली मापे उसनी दिली आहेत. निळा रंग दिला की त्या उन्हाचे चांदणे होते. रंग काढून घेतला की माझ्या कॅसेटवरची दुपार होते. दोन्ही प्रकारे ते दृश्य अंगावर येते, असे आता मी ठामपणे म्हणू शकतो.

निघण्यापूर्वी हाइलिगेन-गाइस्ट चर्चचे अंगण पाहिले. जुन्या धर्मादाय रुग्णालयाची लांबट इमारत, झाडे, आणि त्यांखाली पडलेली पाने. येथेही मुर्नाऊंचा कॅमेरा लागला होता. उजेड कमी होत होता, म्हणून दोनच दृश्ये ताडून पाहता आली.

चौथा दिवस : बर्लिन

बर्लिनमध्ये पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. योहानिस्टाल भागात विमानांच्या जुन्या कारखान्यात थाटलेला योफा स्टुडिओ होता, तेथे ओर्लोकच्या वाड्यातल्या आणि हुटरच्या घरातल्या खोल्या उभारल्या गेल्या. प्राणिसंग्रहालयाच्या 'मार्मोरझाल' या संगमरवरी सभागृहात ४ मार्च १९२२ रोजी चित्रपटाचा पहिला खेळ झाला, आणि प्राना-फिल्म त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. स्वतःच्या पतीच्या कृतीचा मोबदला मागणाऱ्या त्या विधवेची बाजू न्याय्यच होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तरीही परदेशांत गेलेल्या प्रती वाचल्या याचा आनंद लपवता येत नाही.

पाचवा दिवस

संपूर्ण दिवस गाडीत गेला. बर्लिनहून प्रागमार्गे स्लोव्हाकियातल्या झिलिना येथे रात्री पोहोचलो.

सहावा दिवस : ओराव्हा किल्ला

चित्रपटातले ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात नाही. ते उत्तर स्लोव्हाकियात, म्हणजे १९२१ च्या चेकोस्लोव्हाकियात, चित्रित झाले : उंच टाट्रा पर्वत, व्राट्ना खोरे, वाह नदी आणि ओराव्हा किल्ला. झिलिनाहून क्रालोव्हानी येथे गाडी बदलली की छोटी गाडी नदीच्या कडेकडेने वर जाते. ओराव्हस्की पोड्झामोक या गावात उतरण्याआधीच, एका वळणावर, किल्ला दिसला. आम्ही दोघेही बोलता बोलता थांबलो. नदीपात्रातून सरळ ११२ मीटर वर उठलेला खडक, आणि त्याच्या टोकावर घरट्यासारखी चिकटलेली सर्वांत जुनी इमारत. हुटरला जे दिसते तेच, कोणतीही युक्ती न करता.

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख १२६७ चा आहे. खालचा, मधला आणि वरचा असे त्याचे तीन टप्पे आहेत, आणि टप्प्याटप्प्याने चढताना दारे, बोगदे आणि अंगणे एकामागून एक लागत जातात. पहिल्या दाराशी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. हुटर येथे येतो, दार आपोआप उघडते, आणि बोगद्याच्या अंधारातून ओर्लोक पुढे येतो. बाहेर उभे राहिले की आत खरोखरच काही दिसत नाही. उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना तो बोगदा भिंतीसारखा काळा वाटतो, आणि आतून येणारा माणूस तीन-चार पावलांवर आला की एकदम आकार घेतो. आमच्या पुढच्या जथ्यातले एक आजोबा नातवाला घेऊन असेच बाहेर आले आणि आम्ही दोघे क्षणभर दचकलो. मुर्नाऊंनी येथे दिव्यांची कोणतीही करामत करण्याची गरज नव्हती.

आतल्या अंगणात, हुटर खिडकीतून पाहत असताना, ओर्लोक गाडीवर शवपेट्या रचतो आणि शेवटच्या पेटीत स्वतः जाऊन झोपतो. झाकण आपणहून उडून वर बसते. कॅमेरा थांबवत थांबवत घेतलेले ते दृश्य आजही धक्का देते. अंगण मात्र कल्पनेपेक्षा लहान निघाले.

या किल्ल्याचा एक जुना मालक युराय थुर्झो हा हंगेरीचा पॅलाटिन, म्हणजे राजाखालोखालचा सर्वोच्च अधिकारी, होता. क्रौर्याच्या आख्यायिकांमुळे कुप्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ बाथोरीला १६१० साली याच थुर्झोने अटक केली होती, आणि त्याला या किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरात पुरले आहे. मुर्नाऊंनी हे जाणून किल्ला निवडला असे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही. त्यांनी तो डोळ्यांनी निवडला असावा. नदीकाठावरून वर पाहिले की तेवढे कारण पुरते.

सातवा दिवस : स्टारी ह्राद

'नोस्फेराटू'चे शेवटचे दृश्य ओराव्हाचे नाही. ओर्लोक नष्ट झाल्यावर पडद्यावर दिसतो तो पडका किल्ला म्हणजे स्त्रेच्नोजवळ, वाह नदीच्या वर उभा असलेला स्टारी ह्राद. चित्रपटात दोन किल्ले एकच मानायचे असतात. धनी गेला आणि वास्तू कोसळली, एवढे त्यातून कळते.

नेझ्बुड्स्का लूच्का या गावातून झाडांवरच्या लाल पट्ट्यांच्या खुणा पाहत चढायला सुरुवात केली तेव्हा खोऱ्यात दाट धुके होते. तासभर ओल्या पानांवरून चाललो. किल्ल्यात पोहोचलो तरी भिंत हाताला लागेपर्यंत दिसली नाही. आम्ही चाळिसावा कागद बाहेर काढून, तो भिजू नये म्हणून जाकिटाखाली धरून बसून राहिलो. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि धुके खालच्या बाजूने फाटत गेले : आधी नदीचे वळण, मग समोरचा डोंगर, मग आमच्याच डोक्यावरचा बुरूज.

त्या दिवशी तेथे चार-पाच जण काम करत होते. हे पडके किल्ले जपण्यासाठी तेथील स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी वर येतात, दगड वाहतात आणि चुन्यात भिंती पुन्हा बांधतात. त्यांच्यातल्या एका बाईंनी आमच्या हातातला कागद पाहिला, हात पाटलोणीला पुसले आणि तो मागून घेतला. त्यांना थोडे इंग्रजी येत होते. चित्रपट त्यांनी पाहिलेला होता, पण हे एक दृश्य असे थांबवून, कागदावर, भिंतीशेजारी धरून कधी पाहिले नव्हते. त्यांनी सहकाऱ्याला हाक मारली. दोघे कागद घेऊन उतारावर खाली गेले, पुन्हा वर आले, एका कडेला बोट दाखवून आपसात बराच वेळ बोलत राहिले. मग त्या बाईंनी विचारले, हा कागद ठेवून घेतला तर चालेल का. १९२१ साली ती कड किती उंच होती हे त्यावरून मोजता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

"देऊन टाक, दादा," बहीण म्हणाली. मी मागच्या बाजूला क्रमांकाखाली चित्रपटाचे नाव आणि वर्ष लिहिले आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दुमडला नाही. चुन्याची पिशवी झाकलेल्या फळीखाली, कोरड्या जागी, सपाट ठेवला आणि वर दगड ठेवला.